बिनफळीची खुर्ची

शनिवार, १४ ऑक्टोबर

प्रति,
कार्यवाह, तत्त्वज्ञान विद्यार्थी मंडळ,
तिसरा मजला, खोली क्रमांक एकतीस.

गुरुवार, १२ ऑक्टोबर रोजी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तुमच्या मंडळाने मला खुर्चीवरून उठवलं. वेळ अचूक आहे. मी मनगटावर घड्याळ बांधते आणि रोज सकाळी रेडिओच्या ठोक्यावर लावते.

हकिकत अशी. ग्रंथालयाच्या फलकावर तुमच्या सत्राचा कार्यक्रम लावलेला आहे. दर गुरुवारी चार वाजता चर्चा, नव्या विद्यार्थ्यांसाठी ओळखीचा चहा, बाहेरच्या पाहुण्यांचं व्याख्यान, नदीकाठी फिरत फिरत वादविवाद, आणि तळाला जाड अक्षरांत: 'सर्वांना मुक्त प्रवेश. मतभेद असतील तर अधिकच स्वागत.' माझे मतभेद पुष्कळ आहेत, म्हणून मी आले. लिफ्ट बंद होती. तीन जिने चढून आले.

खोलीत खुर्च्या गोल मांडलेल्या. प्रत्येक खुर्चीला उजवीकडे लिहायची फळी. त्या फळीखालून आत शिरायचं तर गुडघा दुमडावा लागतो, आणि माझा उजवा गुडघा गेली सहा वर्षं दुमडत नाही. एकच खुर्ची बिनफळीची होती. साधी, लाकडी, रिकामी. मी तिच्यावर बसले.

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मी कुणाच्या मांडीवर बसले होते. मग गोल चष्म्याची एक मुलगी उठून जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "माफ करा, ही खुर्ची रिकामी ठेवायची असते."

मी विचारलं, "कुणी यायचं आहे का?"

ती म्हणाली, "नाही. जो येणार नाही, त्याच्यासाठी आहे."

फळ्यावर त्या दिवसाचा विषय लिहिलेला होता: 'अनोळखी माणसाचं आपण काय देणं लागतो?' तो मी दोनदा वाचला. पिशवी उचलली आणि निघाले. कुणी "अहो, थांबा" म्हटलं नाही.

मला दोन गोष्टी लेखी हव्यात. जो येणार नाही असा हा कोण मोठा माणूस, ज्याचा मान आलेल्या माणसापेक्षा जास्त आहे? आणि त्या दिवसाच्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत. सभा सर्वांसाठी होती, तर इतिवृत्तही सर्वांसाठी आहे.

उत्तर सोमवार, २३ ऑक्टोबर, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या पत्त्यावर पोचावं. फोन करू नये. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढल्यावर मला एवढं कळतं, की फोनवर माणूस काहीही बोलतो. कागदावर सही करावी लागते. उत्तर न आल्यास मी विभागप्रमुखांना लिहीन. मला लिहिता येतं. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी ते पट्टीच्या धारेने शिकवलं आहे.

टेलिफोन एक्स्चेंजची निवृत्त पर्यवेक्षिका

•

शुक्रवार, २० ऑक्टोबर

माननीय आजी,

सादर नमस्कार. आपलं पत्र मंडळाला मिळालं. आम्हा सर्व सभासदांच्या वतीने मी दिलगिरी व्यक्त करते.

त्या खुर्चीबद्दल थोडं सांगते. मंडळ सुरू झालं त्या वर्षी, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी, पहिल्या सभासदांच्या लक्षात आलं की सगळे एकमेकांशी सहमत होत चालले आहेत. तेव्हा त्यांनी एक खुर्ची रिकामी ठेवली, हजर नसलेल्या माणसासाठी. जे मत खोलीत कुणाचंच नाही, ते त्या खुर्चीचं. चर्चेत कुणीही उठून तिच्या पाठीवर हात ठेवायचा आणि त्या गैरहजर माणसाच्या वतीने बोलायचं. नियम दोनच. तिच्यावर बसायचं नाही. आणि तिच्यामागे उभं राहून जे बोलायचं, ते बोलणाऱ्याला स्वतःला न आवडणारं असलं पाहिजे. नाहीतर माणूस गैरहजर माणसाच्या तोंडी आपल्याच सोयीचं घालतो.

तिला फळी का नाही, हे कुणालाच माहीत नाही. बहुधा अडगळीतून आणली असावी.

आपल्याला उठवण्यामागे अनादर नव्हता. इतिवृत्ताची प्रत सोबत जोडली आहे. आपण पुन्हा यावं, अशी आम्हा सर्वांची इच्छा आहे.

आपली नम्र,
कार्यवाह

•

बुधवार, २५ ऑक्टोबर

कार्यवाह यांस,

पहिली गोष्ट, मी तुमची आजी नाही. आजी व्हायला आधी जे जे करावं लागतं, त्यातलं मी काहीही केलेलं नाही. माझं लग्न झालं नाही. एक्स्चेंजमध्ये मला 'बाई' म्हणत, आणि मी आत आले की बावीस मुली हेडफोन सरळ करून ताठ बसत. तुम्हीही तेच म्हणा.

दुसरी गोष्ट, इतिवृत्त. त्याबद्दल मी रागावणार नव्हते. ते वाचलं आणि रागावले. तुमचीच वाक्यं तुम्हाला वाचून दाखवते: 'चार वाजून दहा मिनिटांनी एक वयस्क पाहुण्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या. त्यांना नियम सांगण्यात आला. त्या गेल्या. त्यानंतर मूळ विषय बाजूला ठेवून नऊ मिनिटं पुढील प्रश्नावर चर्चा झाली: गैरहजर माणसासाठी ठेवलेल्या खुर्चीवर हजर माणूस बसला, तर खुर्ची कुणाची? तीन मतं मांडली गेली. निर्णय झाला नाही. उपस्थिती अकरा.'

नऊ मिनिटं!

त्या नऊ मिनिटांत मी कुठे होते, सांगू? तुमच्याच जिन्यावर. उतरताना माझा गुडघा चढण्यापेक्षा जास्त दुखतो. एका पायरीवर दोन्ही पाय, मग पुढची पायरी. तुमचे अकरा विद्वान 'खुर्ची कुणाची' हे ठरवत होते, तेव्हा ज्या बाईला तुम्ही उठवलं ती दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभी होती. अकरांपैकी एकानेही दार उघडून खाली डोकावलं नाही. डोकावलं असतं तर प्रश्न सुटला असता. नऊ मिनिटं लागली नसती.

आमच्याकडे बोर्डवर कॉलचा दिवा लागला की दहा सेकंदांत "बोला" म्हणायचं, असा नियम होता. पलीकडे कोण आहे, काय मत आहे, हे विचारायचं नाही. आधी "बोला." तुमच्या मंडळाला तत्त्वज्ञानापेक्षा ते आधी शिकवलं पाहिजे.

उत्तर द्यायचं असेल तर द्या. मी तारीख घालत नाही. तारीख घालण्याइतकीही माझी अपेक्षा उरलेली नाही.

बाई

•

बुधवार, १ नोव्हेंबर

माननीय बाई,

ती गोल चष्म्याची मुलगी मीच आहे. हे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. धीर झाला नाही.

आणखी एक लिहिते, जे इतिवृत्तात नाही. मी डोकावले होते. चर्चा सुरू झाल्यावर दोन-तीन मिनिटांनी मी पाणी पिण्याचं निमित्त करून बाहेर आले. जिन्याच्या कठड्यावरून खाली पाहिलं. तुम्ही दुसऱ्या मजल्याच्या वळणावर उभ्या होतात. निळी पिशवी पायरीवर ठेवलेली होती. तुम्ही हाताने गुडघा चोळत होतात.

मला हाक मारायची होती. पण काय म्हणून मारू, ते सुचेना. 'आजी' म्हणावं तर उद्धटपणा वाटेल, 'मॅडम' म्हणावं तर दुकानात असल्यासारखं, नुसतं 'अहो' म्हटलं तर पुढे काय बोलू? मी ठरवत राहिले, आणि तुम्ही वळणावरून दिसेनाशा झालात. मग मी आत गेले आणि इतिवृत्त लिहायला बसले. आई म्हणते, या मुलीला दार उघडायलाही आधी व्याख्या लागते.

तुम्ही खरं तर कशासाठी आला होतात? त्या दिवशी तुमच्या हातात घडी केलेला कागद होता. ज्यांना प्रश्न विचारायचा असतो, तेच कागद आणतात.

कार्यवाह

•

सोमवार, ६ नोव्हेंबर

कार्यवाह यांस,

तुझी आई शहाणी दिसते. ('तुम्ही' सोडते आहे. कठड्यावरून लपून पाहणाऱ्या मुलीला 'अहो-जाहो' करणं मला जमणार नाही.)

कागदाचं ओळखलंस, तर सांगते. फार वेळ घेणार नाही.

मी आणि माझी ताई एका घरात एकावन्न वर्षं राहिलो. तीही बिनलग्नाची. ती शिवणवर्गात शिकवायची. स्वयंपाकघरात एक टेबल, दोन खुर्च्या. खिडकीकडची तिची, गॅसकडची माझी. फेब्रुवारीत ती गेली. आमची एक भाची आहे, दूर असते, दर रविवारी फोन करते. सात मिनिटं बोलते. "मावशी, जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, दार नीट लावतेस ना?" चांगली आहे बिचारी. पण या प्रश्नांना 'हो' सोडून दुसरं उत्तरच नाही, आणि 'हो' म्हणायला सात मिनिटंसुद्धा जास्त होतात.

उरलेला आठवडा मी ताईशी बोलते. घाबरू नकोस, डोकं ठिकाणावर आहे. ती गेली हे मला ठाऊक आहे, कागदपत्रांवर सह्या मीच केल्या. पण मी म्हणते, "भाजी खारट झाली का गं?" आणि मग तिच्या आवाजात मीच म्हणते, "झाली. तुझा हात हल्ली सैल सुटलाय." कागदावर लिहिलं होतं ते एवढंच: मेलेल्या माणसाच्या वतीने आपणच उत्तर दिलं, तर ते खोटं बोलणं होतं का? सिस्टरांनी खोट्याच्या बाबतीत आम्हाला फार धाक घातला होता. मला वाटलं, तुमचं मंडळ असल्याच गोष्टींचा खल करतं, तर विचारावं. शेजारणीला विचारलं असतं तर तिने भाचीला फोन लावला असता.

आणि तुम्ही मला नेमकं त्याच खुर्चीवरून उठवलंत.

पुन्हा येण्याचं म्हणशील, तर तुझ्या एकटीच्या गोड बोलण्यावर मी येणार नाही. मंडळाच्या सभेत रीतसर ठराव व्हावा: येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला, गुडघ्यासकट, बसायला जागा मिळेल. बाजूने किती, विरोधात किती, सगळं नोंदलेलं असावं. ठरावाची प्रत आल्यावर बघू.

बाई

•

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

माननीय बाई,

काल, १६ तारखेच्या सभेत ठराव मांडला. उपस्थिती दहा. बाजूने नऊ, विरोधात एक. ठराव मंजूर. प्रत सोबत आहे.

विरोधातलं मत रिकाम्या खुर्चीमागून आलं. ते असं: 'ठराव करून दिलेली जागा ही जागाच नव्हे. ज्याच्या घरी आपल्याला बसायला सांगण्यासाठी मतदान घ्यावं लागतं, त्याच्या घरी शहाण्या माणसाने पाऊल टाकू नये.'

बाकी मंडळाचं काम जोरात आहे. आठ तारखेला नव्या विद्यार्थ्यांचा ओळखीचा चहा झाला. आम्ही तीस कप मांडले होते. बिस्किटं बरीच उरली. पाहुण्यांचं व्याख्यानही झालं. पाहुणे फार छान बोलले आणि वेळेआधी निघाले.

तुमचा प्रश्न मी पुढच्या सभेत मांडू का? नाव-गाव काही सांगणार नाही.

कार्यवाह

•

मंगळवार, २८ नोव्हेंबर

कार्यवाह यांस,

ठराव मिळाला. मार्जिन सरळ आहे, अक्षर बरं आहे. नऊ-एक हेही ठीक. दहाच्या दहा बाजूने आले असते तर मला संशय आला असता.

त्या विरोधात बोलणाऱ्याला माझा निरोप सांग. त्याचं म्हणणं मला पटलं, आणि पटलं म्हणून रागही आला. कोण आहे तो? तुमच्यात अक्कल असलेला तेवढा एकच दिसतो. बाकीचे नऊ नंदीबैल. मी त्याच्या जागी असते तर हेच बोलले असते, थोडं जास्त तिखट.

प्रश्न मांड. पण तो काय म्हणतो, ते मला आधी हवं. नऊ जणांचं राहू दे.

लगेच येऊ शकत नाही. थंडीने गुडघा धरलाय. इतिवृत्तं पाठवत जा. शनिवारी पोस्टमन येतो तेव्हा मी खिडकीत असते. त्याला वाटतं, मी त्याच्यावर पाळत ठेवते. ठेवतेच. मागच्या शनिवारी तो विजेचं बिल देऊन गेला. त्याच्याशी चार शब्द बोलायला म्हणून मी बिलावरून भांडले.

बाई

•

शुक्रवार, १५ डिसेंबर

माननीय बाई,

काल तुमचा प्रश्न मांडला. फळ्यावर लिहिलं: 'गैरहजर माणसाच्या वतीने उत्तर देणं हे खोटं बोलणं आहे का?' उपस्थिती नऊ.

एकाने म्हटलं, खोटं बोलायला फसणारा माणूस लागतो. इथे फसणारं कुणीच नाही, म्हणून खोटं नाही. दुसऱ्याने म्हटलं, स्वतःला फसवणं हेही फसवणंच. मग 'तो' उठला, तुम्हाला आवडतो तो. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला:

'एकावन्न वर्षं ऐकलेला आवाज कानात राहतोच. त्यात खोटं काही नाही. पण एक पारख आहे. ती गेलेली बहीण तुमचं सगळं ऐकून नेहमी "हो गं, तुझंच बरोबर" म्हणायला लागली, तर समजा, आता तुम्ही एकट्याच बोलताय. ती जोवर तुम्हाला टाकून बोलतेय, जोवर भाजी खारट म्हणतेय, तोवर ती आहे.'

मी हे लिहून घेतलं तेव्हा माझा हात थांबला होता, म्हणून एका ठिकाणी शाई पसरली आहे.

त्याला तुमचा निरोप सांगितला. तो लाजला.

तुम्ही कधी याल? बिनफळीची दुसरी खुर्ची अजून सापडलेली नाही. शोधते आहे. भांडारात मागितली तर ते म्हणाले, मागणीपत्रावर कारण लिहा. मी 'गुडघा' लिहिलं. त्यांनी परत पाठवलं.

कार्यवाह

•

शुक्रवार, १९ जानेवारी

माननीय बाई,

महिना उलटला, तुमचं पत्र नाही. माझ्या मागच्या पत्रात काही दुखावणारं होतं का? मी ते पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. की गुडघा जास्त दुखतोय? घरी तुमच्याजवळ कुणी आहे का? वेडा प्रश्न आहे, उत्तर मला माहीत आहे.

इथे सगळं नेहमीसारखं. काल उपस्थिती आठ. सगळे तुमची चौकशी करत होते.

पोस्टमनशी भांडायला तरी खिडकीत उभ्या राहत असाल, अशी आशा आहे.

कार्यवाह

•

शुक्रवार, २ फेब्रुवारी

कार्यवाह यांस,

काल, गुरुवार, १ फेब्रुवारी रोजी, दुपारी चार वाजून बावीस मिनिटांनी मी खोली क्रमांक एकतीसच्या दाराबाहेर उभी होते.

दीड महिना पत्र लिहिलं नाही, कारण मी जिने चढत होते. आमच्या इमारतीचे. पहिल्या आठवड्यात रोज एक मजला, मग दोन, मग तीन. वरच्या मजल्यावरचा शिंपी विचारायचा, "काय हो, रोज कुणाकडे जाता?" मी म्हणे, "तुमच्याकडे नाही, निश्चिंत राहा." तुला न कळवता यायचं, दारात उभं राहायचं आणि त्या विरोधातल्या माणसाचं तोंड बघायचं, असं ठरवलं होतं.

खाली तुमच्या वॉचमनला विचारलं, "मंडळाची सभा सुरू झाली का?" तो म्हणाला, "कसली सभा? हजेरीचे गुण बंद झाले आणि दिवाळं वाजलं. नोव्हेंबरपासून कुणी फिरकत नाही. ती एक चष्म्याची मुलगी येते, खुर्च्या गोल मांडते, तासाभराने परत भिंतीला लावून जाते."

मी त्याला म्हटलं, "तुम्हाला काही माहीत नाही. माझ्याकडे इतिवृत्तं आहेत."

मग तीन जिने चढले. मधे दोनदा थांबले. वर पोचले तर आतून बोलण्याचा आवाज. मला इतका आनंद झाला! वाटलं, खाली जाऊन त्या वॉचमनचे कान उपटावेत. दाराला वरच्या बाजूला काच आहे. तिच्यातून पाहिलं.

दहा खुर्च्या गोल मांडलेल्या. सगळ्या रिकाम्या. तू बिनफळीच्या खुर्चीमागे उभी, तिच्या पाठीवर हात. तू बोलत होतीस, आणि चांगलं तावातावाने बोलत होतीस: "आधी दार उघडा, मग विचार करा! पलीकडे कोण आहे, हे ठरवत बसलात तर माणूस जिना उतरून जाईल!" मग तू तुझ्या जागेवर जाऊन बसलीस आणि ते वहीत लिहून घेतलंस. मग समोरच्या बाजूला जाऊन त्याला उत्तर दिलंस. तेही लिहिलंस.

ते सगळं बोलणं माझं होतं. माझ्या पत्रांतलं. तुमच्यात अक्कल असलेला तो एकटा माणूस मीच निघाले, आणि मी त्याला निरोप पाठवत होते! लाजला म्हणे!

उपस्थिती दहा. उपस्थिती नऊ. उपस्थिती आठ. अगं, निदान कमी कमी करत कशाला आणलीस? खोटंच लिहायचं होतं तर पन्नास लिहायचं होतंस. सिस्टरांनी तुझे हात लाल केले असते. मी चौतीस वर्षं नोंदवह्या तपासल्या. एका मुलीने न आलेला एक कॉल लिहिला म्हणून तिला तीन दिवस खुर्चीत बसू दिलं नव्हतं मी. आणि इथे तू सबंध सभा लिहिल्यास. बाजूने, विरोधात, शाई पसरलेली. तीस कप मांडून बसली होतीस ना त्या दिवशी? बिस्किटं बरीच उरली, असं तू लिहिलंस. मी ते वाचलं आणि मनात म्हटलं, पोरं हल्ली गोड खात नाहीत.

इथवर तुझी चूक झाली. आता माझी लिहिते, म्हणजे इतिवृत्त पुरं होईल.

मी दार उघडलं नाही. हात मुठीवर ठेवला होता. चौतीस वर्षं परक्या माणसांना "बोला" म्हणणारी मी, मला एक शब्द फुटला नाही. तुला काय म्हणून हाक मारू? 'कार्यवाह' म्हणून? रिकाम्या खोलीत त्या शब्दाला काही अर्थ राहिला नव्हता. मी ठरवत राहिले. तू खाली मान घालून लिहीत होतीस. मग मी वळले आणि जिना उतरले. एका पायरीवर दोन्ही पाय. वॉचमन म्हणाला, "झाली का सभा?" मी म्हटलं, "झाली."

खाली पोचायला नऊ मिनिटं लागली. वरून कुणी डोकावलं नाही. तुला कळणार तरी कसं होतं?

घरी येऊन चहा टाकला आणि ताईला सगळं सांगितलं. म्हटलं, "ती मुलगी खोटारडी आहे, तिच्याशी आता संबंध नको." तुमचा नियम आहे ना, गैरहजर माणसाने आपल्याला न आवडणारं बोललं पाहिजे म्हणून? ताई म्हणाली, "मूर्ख आहेस. तू दारातून परत आलीस ती तिच्या खोटेपणामुळे होय? तुला तुझं घर दिसलं त्या काचेतून, म्हणून पळालीस." मला हे मुळीच आवडलं नाही. तेव्हा ते तिचंच असणार.

तर आता नीट वाच.

बुधवार, १४ फेब्रुवारी रोजी सकाळी एक टेम्पोवाला खोली क्रमांक एकतीसमध्ये एक खुर्ची आणून ठेवील. बिनफळीची, खिडकीकडची, खुर्चीच्या डाव्या हातावर सुईने ओढलेल्या रेघा आहेत. ताईची आहे. ती भिंतीला लावायची नाही, आणि तुमच्या त्या थोर गैरहजर माणसाला द्यायची नाही. त्याची त्याला आहे. हिच्यावर बसायचं. वर्षभर हिच्यावर कुणी बसलेलं नाही. गुरुवारी, १५ तारखेला चार वाजता मी बसेन. बाकीच्या खुर्च्या मांडू नकोस, त्या भिंतीलाच राहू देत. तुझी, ताईची आणि ती रिकामी, एवढ्या तीन पुरेत. कपही दोनच काढ.

मला भाची 'मावशी' म्हणते. तू तेच म्हण. दारात ठरवत उभं राहायला नको. तुला काय म्हणायचं, ते तुझी आई घरी जे म्हणते तेच, पण ते काय ते मला माहीत नाही. ते लिहून कळव.

त्याशिवाय पुढील गोष्टींचा लेखी खुलासा हवा: नोव्हेंबरपासून दर गुरुवारी तू त्या खोलीत एकटी किती वेळ बोलत होतीस, उरलेले सहा दिवस तू कुणाशी बोलतेस, आणि हे तू तुझ्या आईला सांगितलं आहेस का. उपस्थिती खरी लिहावी.

उत्तर मंगळवार, १३ फेब्रुवारी, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या हातात पडलं पाहिजे. पोस्टमनवर विसंबू नकोस, तो हल्ली मला टाळतो. स्वतः आणून दे. दुसरा मजला, डावीकडचं दार. घंटा वाजव. दहा सेकंदांत उघडेन.

मावशी